६० हजारांतले ३० हजार ग्राफिक्स कार्डात? पटत नाही

रंकाळाकर: काल एकानं सल्ला दिला: घरी व्हिडिओ एडिटिंगच्या पीसीला ६० हजार असतील तर ३० हजार कार्डात घाला, प्रोसेसर आय५-१२४००एफ, रॅम ८ जीबी पुरते. वाचून राहवलं नाही. विचारणारा पोरगा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल मॅच मोबाईलवर शूट करून कापतो. म्हणजे दीड-दोन तासांच्या एचईव्हीसी फायली (फार दाबून साठवलेला व्हिडिओ, उलगडायला जड) टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, मागं-पुढं ओढायच्या. 'एफ'वाल्या प्रोसेसरात आतलं ग्राफिक्स नसतं. 'एफ' नसलेला १२४०० घेतला की त्याच्या आतल्या ग्राफिक्सचं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा भाग, ते ओझं उचलतं. उरलेले पैसे १६ जीबी रॅम, तीही ८ च्या दोन पट्ट्या, आणि एनव्हीएमई एसएसडीत (वेगवान डिस्क) घाला. कार्ड पुढच्या वर्षीही बसवता येतं.

पेठकरी: सल्ला माझाच. एचईव्हीसी कार्डसुद्धा डिकोड करतं, म्हणजे उलगडतं, ते का लपवता? रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कलर, नॉईज रिडक्शन सगळं कार्डावर चालतं. माझ्या मेव्हण्याच्या मशीनला कार्ड नाही. लग्नाचा टीझर रेंडरला (तयार व्हिडिओ बाहेर काढायला) लावतो आणि जेवून येतो, तरी संपलेला नसतो.

रंकाळाकर: नॉईज रिडक्शन रिझॉल्व्हच्या पैसे भरून मिळणाऱ्या स्टुडिओ आवृत्तीत आहे, फुकटच्या नाही. आणि लग्नवाल्यांचे बरेच कॅमेरे १०-बिट ४:२:२ देतात, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेला व्हिडिओ. ती एचईव्हीसी फाईल एनव्हीडियाची ४० सिरीजपर्यंतची कार्डं डिकोड करत नाहीत, १२४०० करतो.

पेठकरी: ५० सिरीज करते. ती घ्या की!

शाहूपुरीकर: कार्डावर भांडताय, यूपीएसचं (लाईट गेल्यावर पीसी चालू ठेवणारी बॅटरी) कोण बोलणार? रेंडर चालू असताना लाईट गेली, माझी हार्डडिस्क बसली. नातीच्या बारशाचं शूटिंग गेलं ते गेलंच.

पेठकरी: काका, घरात इन्व्हर्टर आहे की.

शाहूपुरीकर: तो यूपीएस मोडवर आहे का बघ आधी. साध्या मोडवर सप्लाय बदलेपर्यंत मशीन रीस्टार्ट होतं. आणि बॅकअप? २०१९ ला पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा शेजाऱ्याचा पीसी आणि बॅकअपची डिस्क एकाच खोलीत होती. दोन्ही बुडाले. एक प्रत दुसऱ्या गावच्या पाहुण्यांकडं ठेवा, पुण्यात ठेवा, पण घरात नको.

पेठकरी: प्रश्न पीसीचा होता, पुराचा नाही!

शाहूपुरीकर: ज्याचं गेलंय त्याला विचार.

राजारामपुरीची: काकांचं खरं आहे, पण त्या पोराला आधी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, करायला शिकवा. माझ्या जुन्या आय५ वर रात्री प्रॉक्सी लावून ठेवते, सकाळी ४के सुद्धा अडकत नाही. आणि मोबाईलचं व्हेरिएबल फ्रेम रेट (सेकंदाला कमी-जास्त होणारी चित्रं) आधी कॉन्स्टंट करून घ्या, नाहीतर कॉमेंट्री आणि गोल जुळायचे नाहीत. हे कुठलंच कार्ड दुरुस्त करत नाही.

पेठकरी: बरं, रॅम १६ करा, ८ कमीच पडेल. 'एफ' सुद्धा सोडला. कार्डाचं मात्र मागं घेत नाही.

रंकाळाकर: नका घेऊ. त्या पोराला एवढं दोन ओळींत लिहून टाका, तो शनिवारी खरेदीला निघालाय.