भाकरी ताटातून गेली ती आळसामुळे नव्हे

बार्शीकर :

‘पूर्णान्न’ यांनी परवा लिहिले की, मराठी माणसाने ज्वारीची भाकरी टाकून गव्हाची पोळी धरली ती केवळ आळसापोटी आणि चारचौघांत मिरवण्यासाठी; मनावर घेतले तर उद्यापासून घरोघरी पुन्हा भाकरी होईल. ते वाचून मला राहवले नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतो आहे.

माझ्या लहानपणी आमच्या घरी दोन्ही वेळा मालदांडीची, म्हणजे रब्बी ज्वारीच्या एका वाणाची, भाकरी असे आणि गहू सणावाराला, पाहुण्यारावळ्यांना. भाकरी आम्ही आरोग्याचा विचार करून निवडलेली नव्हती. काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर, वरून पाणी न देता पदरात पडणारे धान्य म्हणजे रब्बीची ज्वारी, म्हणून ती ताटात होती. पुढे पाटाचे पाणी आले, उसाने चांगली राने घेतली आणि रेशनच्या दुकानातून घरात गहू येऊ लागला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो धान्य ठरवून दिले : तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य (ज्वारी, बाजरी, नाचणी) १ रुपया किलो. यातले सर्वांत स्वस्त भरडधान्य आमच्या गावच्या दुकानात मी क्वचितच पाहिले. जानेवारी २०२३ पासून तर हे सगळे धान्य मोफत झाले. ज्या घरात गहू-तांदूळ फुकट येतो, त्या घराने पदरचे पैसे घालून ज्वारी आणावी आणि नाही आणली तर त्या घराला आळशी ठरवावे, हा कुठला न्याय? शेजारच्या कर्नाटकात दक्षिणेकडे नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी सरकार विकत घेऊन रेशनवर देते. तिथल्या लोकांचा निश्चय आपल्यापेक्षा दांडगा आहे, असे तर कोणी म्हणणार नाही ना?

पूर्णान्न :

रेशनवर जगणाऱ्या कुटुंबाला मी आळशी म्हटलेले नाही. माझा रोख ज्यांना निवड करता येते त्यांच्यावर होता. पुण्यात चांगल्या पगाराची नोकरी असलेल्या माणसाच्या ताटात काय असावे, हे रेशनचे दुकान ठरवत नाही.

मी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला आहे. रांगेत उभे राहून आणलेल्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, भाकरी आम्ही भावंडांनी खाल्ली आहे आणि खडी फोडायच्या कामावरून आई पदरात बांधून आणत असलेली सुकडीही (दुष्काळी कामांवर वाटला जाणारा पौष्टिक खाऊ) खाल्ली आहे. त्या दिवसांनंतर आमच्या वडिलांनी ठरवून टाकले की, हातात पैसा आला की घरात रोज पोळी होईल, आणि ती झालीही. पुढे शाळेत माझा एक मित्र भाकरीचा डबा झाकण आडवे धरून खात असे. लग्नाच्या पंगतीत भाकरी वाढणे म्हणजे यजमानाची नाचक्की समजली जाई. ही लाज कोणत्या कायद्याने आणली, ते बार्शीकरांनी सांगावे.

परात :

आपण दोघेही शेत, सरकार आणि समाज यांवर लिहिता आहात. पण ती भाकरी थापायची कोणी, याचा दोघांनाही विसर पडलेला दिसतो. ‘मनावर घेतले तर’ हे शब्द लिहिणाऱ्या हातांनी आजवर किती भाकऱ्या थापल्या आहेत?

गव्हाची कणीक एकदा मळून ठेवली की, घरातले कोणीही पोळ्या लाटू शकते. ज्वारीच्या पिठाला तसा चिकटा नसतो. आधणाचे पाणी घालून, चटके सोसत, एकेका भाकरीपुरता गोळा त्या त्या वेळी मळावा लागतो. परातीत थापताना कड फाटू नये म्हणून एक हात सतत फिरता ठेवायचा, मग अलगद उचलून तव्यावर टाकायची, वरच्या अंगाला पाणी फिरवायचे आणि ते सुकायच्या आत उलटायची. क्षणभर उशीर झाला की पापुद्रा सुटत नाही. माझ्या आईने आठ माणसांच्या घरात रोज पंचवीस-तीस भाकऱ्या चुलीपुढे बसून केल्या आणि चाळिशीतच तिच्या मनगटांनी दगा दिला. मी नोकरीला लागले तेव्हा तिनेच मला सांगितले, ‘तू पोळ्या कर.’ तिच्या या सांगण्याला आळस म्हणणारा माणूस माझ्यापुढे उभा राहिला, तर मी त्याच्याशी बोलणारसुद्धा नाही.

पूर्णान्न :

ताई, तुमच्या मातोश्रींविषयी मी एक शब्दही लिहिलेला नाही, आणि माझ्या लिहिण्याचा रोख असा फिरवणे योग्य नाही. माझी आईसुद्धा भाकऱ्याच करत होती; तिने कधी तक्रार केली नाही.

परात :

तक्रार केली नाही, की तक्रार ऐकायला कोणी नव्हते? हा प्रश्न आपण आपल्या बहिणींना विचारून पाहा आणि मगच मला रोख शिकवा. आपल्या पहिल्या लेखात ‘घरोघरी भाकरी होईल’ असे वाक्य आहे. भाकरी आपोआप होत नाही, ती कोणीतरी करते.

तिफण :

येथे थोडे शेताकडून बोलतो, कारण थापण्याआधी ती पिकवावी लागते. आमच्या मराठवाड्यात खरिपाची ज्वारी गेली ती सोयाबीन आल्यावर. ऐन काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणसे काळी पडतात आणि ती ज्वारी व्यापारी मातीमोल भावाने मागतो. सोयाबीन शंभर-एक दिवसांत घरात येते आणि रोख पैसा हातात पडतो. राहिली रब्बीची. ती उपटून काढायची, पेंढ्या बांधायच्या, कणसे मोडायची. या कामाला आज माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याची मजुरी परवडत नाही. हुरड्यापासून रास होईपर्यंत पाखरांची राखण वेगळीच. पूर्वी दावणीला बैल होते, त्यांच्या कडब्यासाठी तरी ज्वारी पेरावी लागे; ट्रॅक्टर आला आणि तेही कारण संपले. २०२३-२४ च्या हंगामात मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,२२५ रुपये होता, म्हणजे गव्हाहून बराच जास्त, पण त्या भावाने माल घेणारे केंद्र आमच्या जवळपास कुठेच नव्हते. मी स्वतः पाच एकरांवरून दीड एकरावर आलो आहे, आणि तेवढीही घरच्या खाण्यापुरती आहे.

डोंबिवलीकर :

इतकी कारणे मोजली जात आहेत, पण जो भाकरीकडे परतला त्याचेही ऐका. माझी साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी पोळी कमी करून ज्वारी खायला सांगितले. वर्षभर मी रात्री भाकरीच खातो आहे आणि साखर आटोक्यात आहे. म्हणजे माणसाला गरज पटली की सवय बदलते, हे पूर्णान्न यांचे म्हणणे खरेच आहे.

बार्शीकर :

साखर आटोक्यात आली याचा आनंद आहे. पण त्याच वर्षात आपण चहातली साखर आणि रात्रीचा भातही सोडला असेल, आणि सकाळी फिरायलाही लागला असाल, असा माझा अंदाज आहे. मग श्रेय एकट्या भाकरीला कसे द्यायचे? शिवाय ती भाकरी कोण करते, हा परातताईंचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

डोंबिवलीकर :

अंदाज बरोबर आहे. भात सोडला आणि फिरायलाही जातो. भाकऱ्या पोळीभाजी केंद्रातून आणतो, त्या तिथल्या बायकाच करतात. बायकोला गुडघ्यांमुळे उभे राहवत नाही आणि मला थापता येत नाही. मी प्रयत्न केला होता. पीठ नुसते भुगा होऊन परातीत पसरते. दुकानातल्या पाकिटाचा हा दोष आहे की माझ्या हाताचा, हे कोणी सांगेल का?

पूर्णान्न :

‘आळस’ हा शब्द मी मागे घेतो. घरातल्या बाईच्या कष्टांचा विचार मी लिहिताना केला नव्हता, ही चूक मान्य आहे. काल बहिणीला फोन केला, तिने जे ऐकवले ते येथे लिहिण्यासारखे नाही. मात्र प्रतिष्ठेचा मुद्दा मी सोडणार नाही. पूर्वी जी भाकरी झाकणाआड खाल्ली जाई, ती संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष साजरे केल्यापासून मोठ्या हॉटेलांत मिरवू लागली आहे. धान्य तेच आहे. बदलला तो त्याचा मान.

परात :

बहिणीला फोन केलात, एवढे मला पुरेसे आहे. मानाचे म्हणाल तर तेही अर्धे खरे आहे; आमच्याकडे जाऊबाई आजही पाहुणे आले की भाकरीचे टोपले आत सरकवतात.

डोंबिवलीकर, पाकिटातले पीठ किती दिवसांचे आहे ते आधी पाहा. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, लवकर जाते आणि मग कितीही गरम पाणी घातले तरी ते धरत नाही. ज्वारी निवडून गिरणीत न्या, गव्हावर न दळता ज्वारीवरच दळून द्या असे बजावून सांगा आणि आठवड्याला पुरेल एवढेच दळा. पहिल्या चार-पाच फाटतील. त्या फेकू नका, दुधात कुस्करून खा, आणि पुढची पुन्हा स्वतःच थापा.