मित्राचे वडील आयसीयूत आहेत, बाहेर बसलेल्यांसाठी नक्की काय करता येतं?

पर्वती_पायथा:
मित्राचे वडील सोमवारपासून पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहेत, ब्रेन हॅमरेज झालं, व्हेंटिलेटरवर आहेत. घर साताऱ्याकडे, इथे फक्त तो, काकू आणि बहीण. दिवसभर लॉबीतल्या खुर्च्यांवर आणि रात्री तिथेच चादर टाकून झोपतात. मी रोज ऑफिस सुटल्यावर जातो, थोडा वेळ बसतो, काही लागलं तर सांग रे म्हणतो, तो हो हो म्हणतो आणि सांगत काहीच नाही. पैशाचंही टेन्शन दिसतंय पण विषय काढत नाही. अनुभव असलेल्यांनी सांगा, 'देवावर भरवसा ठेव' टाइप नको प्लीज.

सौ_निमकर:
'लागलं तर सांग' म्हटल्यावर कोणी सांगत नसतं हो, त्या माणसाला स्वतःला काय लागतंय तेच सुचत नसतं. सासूबाई आयसीयूत होत्या तेव्हा ह्यांच्या ऑफिसमधला एकजण न विचारता रात्री येऊन उभा राहिला, म्हणाला वहिनी तुम्ही दोघं घरी जा, मी सकाळपर्यंत इथेच आहे, औषधाची चिठ्ठी आली तर आणून देतो, फक्त फोन चालू ठेवा. त्या रात्री झोप अशी लागली नाही पण आंघोळ झाली, पाठ टेकली, तेच खूप होतं. तुम्हीही असंच करा, रात्र ठरवून टाका आणि सरळ जा.
आणि काकूंना स्वतःची बीपी-शुगरची गोळी चालू आहे का विचारा. सातारहून गडबडीत निघालेत, गोळ्या घरीच राहिल्या असणार.

रात्रपाळी_सिस्टर:
आयसीयूत काम करते म्हणून आतलं सांगते. पेशंट थोडे जागे झाले की कधी कधी असंबद्ध बोलतात, नळ्या ओढतात, घरच्यांना ओळखत नाहीत. बरेचदा हे आयसीयूतलं डिलिरियम (तात्पुरता भ्रम) असतं आणि बऱ्याच जणांचं उतरतं. नळी निघू नये म्हणून हात मऊ पट्टीने बांधावे लागतात आणि घरचे बाहेर येऊन रडतात की बाबांना बांधून ठेवलंय. हे त्यांना आधीच माहीत असलं तर धक्का कमी बसतो. चष्मा, कानाचं मशीन घरून मागवून सिस्टरकडे द्या, आणि भेटायला गेल्यावर आज वार कोणता, सकाळ आहे की संध्याकाळ, घरी कोण कोण आलंय असं साधं बोलायचं, डोळे मिटलेले असले तरी.
डॉक्टरांशी रोज एकाच माणसाने बोलावं, वही घेऊन. 'कसे आहेत' विचारलं की 'क्रिटिकल आहेत' एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा ऑक्सिजन किती टक्क्यांवर आहे (आपल्या साध्या हवेत 21 असतो), बीपीचं औषध कालपेक्षा वाढवलं की कमी केलं, लघवी किती होतेय, गुंगीचं औषध चालू आहे का. दोन-तीन दिवसांचं लिहिलेलं समोर असलं की गाडी कुठे चाललीय ते घरच्यांना आपोआप कळतं. तुमच्या मित्राला उभ्या उभ्या ऐकून काही लक्षात राहत नसणार, तुम्ही शेजारी थांबून लिहून घ्या.

सदाशिव_पेठी:
पैशाचा विषय तो काढणार नाही, तुम्हीच काढा आणि आजच काढा, डिस्चार्जच्या वेळी धावपळ करून काही होत नाही. हॉस्पिटल महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्राचं (योजनेचा मदतनीस) टेबल असतं. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं, पण आजार यादीत लागतो आणि मंजुरी आधी घ्यावी लागते. योजनेत नसेल तर हॉस्पिटल धर्मादाय आहे का बघा. धर्मादाय हॉस्पिटलला 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला मोफतसाठी 1 लाख 80 हजार आणि सवलतीसाठी 3 लाख 60 हजार. बिलिंग काउंटरवर विचारलं तर खांदे उडवतात, थेट हॉस्पिटलच्याच समाजसेवकाला (मेडिकल सोशल वर्कर) गाठा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागेल, तो साताऱ्यात कोणीतरी पळापळ करून काढायला हवा, ते काम एखाद्या चुलतभावावर टाका म्हणजे फोन करण्यापेक्षा काहीतरी उपयोगाचं करेल. आणि रोजचं चालू बिल मागून घ्यायचं, लाजायचं नाही.

गप्प_बसा:
भावकीला आवरा. श्वासाच्या नळीसाठी गळ्याला छिद्र पाडू देऊ नका, मुंबईला हलवा, अमक्या वैद्याकडे न्या, हे सगळं फोनवर सांगणारे सहीच्या वेळी एकपण नसतात. मोठा निर्णय आला तर डॉक्टरांकडे वेळ मागून सगळ्यांना एकत्र बसवा, एकट्या पोराला कॉरिडॉरमध्ये फॉर्म हातात देऊन विचारतात ते बरोबर नाही.

पर्वती_पायथा:
थँक्यू सगळ्यांना. काकूंची थायरॉइडची गोळी खरंच बंद होती, आणून दिली. रेशनकार्ड घेऊन त्याचा मेव्हणा उद्या सकाळच्या एसटीने येतोय, दाखल्याचं पण त्यालाच लावलं. शनिवारी रात्री मी थांबतोय. फक्त डब्याचं कसं करू, मी एकटा राहतो, मेस लावलीय.

सौ_निमकर:
हॉस्पिटल कुठल्या भागात आहे ते मेसेज करा. कर्वे रोडच्या आसपास असेल तर एक वेळचा तिघांचा डबा मी देईन. तिखट चालतं का विचारून ठेवा, आणि डबे परत आणायचं काम तुमचं.