चौथीच्या वर्गात बिरडं शिजवलं. असे उपक्रम शाळेत असावेत की नसावेत?

कळव्याची बाई

नमस्कार. मी कळव्यातल्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. वर्गाचा पट ३८. जानेवारीत आम्ही वर्गात वालाचं बिरडं केलं. त्यावरून पालकसभेत सरळ दोन तट पडले, म्हणून इथे मांडते.

सोमवारी शाळा सुटताना एक किलो कडवे वाल मुलांसमोर वजन करून भिजत घातले. मंगळवारी उपसले, पुन्हा वजन केलं. दोन किलोच्या वर गेले. "बाई, अर्धं तर पाणीच झालं," असं एकजण म्हणाला आणि तिथे अपूर्णांकाचा तास आपोआप सुरू झाला. मग पंचात घट्ट बांधून कपाटात ठेवले. गुरुवारी मोड आले. पाणी कोमट करून त्यात वाल टाकले आणि गट पाडून सोलायला बसवलं.

सोलताना नख लावायचं नसतं. अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबायचं, दाणा सुळकन बाहेर येतो. पहिल्या दहा मिनिटांत निम्मे दाणे फळ्यापर्यंत उडाले. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, वर्षभर हजेरीला "हजर" म्हणण्यापलीकडे तिचा आवाज ऐकला नव्हता. ती उठून शेजारच्या गटाकडे गेली आणि म्हणाली, "पाणी गार झालंय तुमचं. साल चिकटणार. बदला." मग उरलेला वेळ सगळे गट तिलाच विचारत होते. एरवी तीन ओळींत संपणारी तिची वही त्या दिवशी नऊ ओळींची झाली.

शिजवलं इंडक्शनवर. फोडणी मी दिली, मुलं खडूच्या रेषेमागे.

इथपर्यंत सगळं छान होतं. पुढे मी गृहपाठ दिला: "घरातल्या मोठ्या माणसाला विचारून आपल्या घरचा पारंपरिक पदार्थ लिहून आणा, आणि शनिवारी थोडासा चवीला आणा." वाद पेटला तो या दुसऱ्या वाक्यावरून. मला अजूनही वाटतं की असे उपक्रम दर दोन महिन्यांनी व्हावेत. तुमचं मत काय?

घणसोलीकर आई

बाई, राग मानू नका, पण माझा पूर्ण विरोध आहे. माझ्या मुलाच्या शाळेतून श्रावणात रात्री नऊला व्हॉट्सॲपवर निरोप आला, उद्या पारंपरिक पदार्थ आणायचा, शक्यतो पानात केलेला. मी ठाण्याहून ८.४० ची वाशी लोकल धरून घरी येते. त्या रात्री हळदीची पानं शोधायला निघाले, एका भाजीवाल्याचं दुकान बंद होता होता मिळाली. पातोळ्या उकडून झाल्या तेव्हा साडेबारा वाजले होते. मुलगा दहालाच झोपला होता. सकाळी डबा घेऊन गेला आणि वहीवर तारा मिळवून आला.

त्याने काय शिकलं? त्याला आजही सांगता येणार नाही की पातोळीच्या आत काय असतं. उपक्रम मुलांचा म्हणता आणि करतात आया. आणि आईच. "आई-बाबांनो" असा निरोप येतो, पण आमच्या इमारतीत त्या रात्री एकही बाबा ओट्याशी उभा नव्हता.

कळव्याची बाई

तुमचं म्हणणं पटतं. वर्गात केलेलं बिरडं मुलांचं होतं आणि शनिवारचा डबा आयांचा. ती माझी चूक, मी ती मान्य करते.

नौपाड्याचा निवृत्त शिक्षक

चूक झाली म्हणून उपक्रमच सोडू नका, बाई. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. तिचा गाभाच हा की हाताने काम करता करता गणित, विज्ञान, भाषा शिकायची. सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाक हा शिक्षणाचा भाग होता, भांडी घासण्यासकट. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेत. म्हणजे सरकारी कागदातही याला जागा आहे. कमी आहे तो वेळ आणि धीर.

तांदळाची भाकरी घ्या. मी सातवीला ती विज्ञानाच्या तासाला घ्यायचो. गव्हाची कणीक गार पाण्यात मळली तरी पोळी लाटता येते, कारण गव्हातल्या प्रथिनांचं ग्लुटेन तयार होतं आणि ते पीठ धरून ठेवतं. तांदळात ते नाही. गार पाण्यात मळून बघा, थापताना कडा फाटतात. म्हणून उकड काढतो. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि ग्लुटेनचं काम तो करतो. मुलांना दोन्ही गोळे हातात द्या, एक गार पाण्यातला, एक उकडीचा. पुढचं मुलं बोटांनीच समजून घेतात.

मापांचंही तसंच. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. पाढा पाठ करण्याऐवजी तांदूळ ओतून बघू दे. पायलीत चिपटी किती, हे चौथीचं पोर स्वतः सांगतं. सोळा.

दिवाळे गाव

सर, तुमची भाकरी सगळ्यांना चालते. भाकरीबरोबर काय खाल्लं हे विचारलं की मग गडबड होते. मी कोळी. आमचं गाव बेलापूरला खाडीवर. मुलगी तिसरीत असताना वर्गात असाच उपक्रम झाला. बायकोने तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची, म्हणजे वाळवलेल्या अगदी बारीक कोळंबीची, चटणी दिली. कांदा परतून, कोकम घालून, घरी करतो तशीच. मुलगी खूश होऊन गेली. शिक्षकांनी झाकण उघडलं, लगेच लावलं आणि डबा वर्गाबाहेर खिडकीत ठेवायला सांगितला. "उद्या काहीतरी साधं आण."

त्याला दोन वर्षं झाली. आता ती सकाळी घरात सुकट भाजू देत नाही. "आई, गणवेशाला वास येतो." आजीशी या एका गोष्टीवरून भांडते. ज्या आजीने तिला जवळा निवडायला शिकवलं, तिच्याशी!

१९७० मध्ये शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली. ठाणे आणि रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनींवर ही नवी मुंबई उभी राहिली. त्यांच्याच पोरांचं कालवण त्यांच्याच शाळेत खिडकीत. अशा वेळी मला उपक्रम नको, माझ्या पोरीला चपाती-भाजी नेऊ दे आणि शांतपणे शिकू दे.

चरई

वरचं वाचून गलबलून आलं. मीही विरोधात आहे, आणि नेमकं बोलतो. आपल्याकडे पदार्थ सांगणं म्हणजे जात सांगणं. बिरड्यात नारळाचं दूध घातलं तर एक घर, गूळ-आमसूल घालून डाळिंबीची उसळ केली तर दुसरं, वाटण घालून केलं तर तिसरं. मोठ्यांना हे एका घासात कळतं. नऊ वर्षांच्या मुलांना कळत नसतं, आपण वर्गात उभं करून ते कळायला लावतो.

शिवाय "घरातल्या मोठ्या माणसाला विचारून" हे शब्द. प्रत्येकाच्या घरी आजी-आजोबा नसतात, काहींना घरच नसतं. माझ्या ओळखीत बालगृहात राहणारी मुलं शाळेत येतात. त्यांनी "आमच्या घरचा पदार्थ" या शीर्षकाखाली काय लिहायचं? स्वयंपाक जरूर शिकवा, मुलग्यांना आधी शिकवा. पण त्यात घर, परंपरा, कुळाचार आणू नका.

कोपरखैरणे, माथाडी वसाहत

चरईकर, मी तुमच्याशी सहमत नाही. न बोलल्याने जात जात नाही. पोरं डब्यावरून एकमेकांना ओळखतातच, शाळेने विचारो वा न विचारो. विचारलं आणि सगळ्यांचं सारख्या मानाने ऐकून घेतलं, तर निदान लाज जाते.

आम्ही साताऱ्याकडचे. मी तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. पोरगा डब्यात भाकरी नेईना, ब्रेडच पाहिजे. मागच्या वर्षी त्याच्या शिक्षकांनी धान्याचा आठवडा ठेवला आणि पालकांना बोलावलं. मी घाबरतच गेलो, म्हटलं मी काय शिकवणार. त्यांनी चार पिशव्या ठेवल्या होत्या, तूर, हुलगे, ज्वारी, तांदूळ. मी पिशवीत हात घालून दाखवला. कोरडी तूर बोटांतून सळसळत खाली पडते, ओल धरलेली जरा अडते आणि हाताला गार लागते. एकेक पोर येऊन हात घालून गेलं. मग हुलग्याच्या पिठाची शेंगोळी वळायला शिकवली, दोन्ही तळहातांत फिरवून. माझ्या पोराची शेंगोळी सगळ्यांत बारीक आली, घरी बघून बघून हात बसलेला.

त्या दिवसापासून भाकरी नेतो. डब्यातली एक चतकोर दुसऱ्याला देऊन त्याच्याकडचा डोसा घेऊन खातो.

दिवाळे गाव

दादा, तुमच्या पोराला चांगले शिक्षक भेटले. पण हुलग्याला कोणी नाक मुरडत नाही. जवळ्याची गोष्ट वेगळी आहे.

कोपरखैरणे, माथाडी वसाहत

हे खरं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ऐरोलीचा बाबा

भावनेचं सगळं मान्य, पण कोणी विस्तवाबद्दल बोललंच नाही. १६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. आपल्या शाळांची छपरं पक्की आहेत हे मान्य, पण एका वर्गात साठ मुलं, एक दार आणि उकळतं तेल हे मला चालणार नाही. माझ्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. कुणीतरी प्रेमाने चमच्यावर दाण्याचा कूट दिला तरी मला दवाखाना गाठावा लागेल. शिक्षकांनी आधी लेखी विचारलं, यादी घेतली, तर बोला.

कळव्याची बाई

ऐरोलीकर, माझ्या वर्गात इंडक्शन होतं, तळण नव्हतं आणि पट ३८, तरीही फोडणीच्या पाच मिनिटांत माझा जीव टांगणीला होता. ॲलर्जीची यादी मी घेतली नव्हती. पुढच्या वेळी प्रवेशाच्या अर्जाबरोबरच घेईन.

सगळं वाचून दोन दिवस विचार केला. "घरचा पदार्थ" हा विषयच मी काढून टाकते. त्याऐवजी एक जिन्नस ठरवायचा आणि तो शाळेतच शिजवायचा. घरून काही आणायचं नाही, त्यामुळे घणसोलीच्या ताईंना रात्री हळदीची पानं शोधावी लागणार नाहीत. वालाच्या वेळी हे नकळत घडलंच होतं. सोलता सोलता मुलं आपणहून सांगत होती. एकाकडे खिचडीत घालतात, एकीच्या मामाकडे पेणला थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, मडक्यात पाण्याचा थेंब न घालता, भांबुर्ड्याच्या पाल्यात. कुणालाही उभं करून विचारलं नव्हतं. ज्याला सांगायचं त्याने सांगितलं, बाकीचे नुसते सोलत होते. त्यांच्या गप्प बसण्याकडे कोणाचं लक्षही गेलं नाही. बालगृहातलं मूल असतं तर तेही त्यांच्यात सहज बसलं असतं.

चरई

हे बरंच बरं आहे. तरी गूळ की लसूण यावरून घर कळायचं ते कळेलच, बाई.

कळव्याची बाई

कळेल. तेव्हा मी तिथे उभी असेन आणि कुणी नाक मुरडलं तर त्याच क्षणी बोलेन. वर्गात मी असताना ते होणं आणि मधल्या सुट्टीत जिन्याखाली होणं यात मला फरक वाटतो.

दिवाळे गाव

बाई, मग तुमच्या जिन्नसांच्या यादीत काय काय आहे? तांदूळ, वाल, नाचणी, नारळ असंच ना? जवळा आहे का, एवढं सांगा.

कळव्याची बाई

खरं सांगते, नव्हता. तुमचा प्रश्न वाचून यादी पुन्हा उघडली.

परिसर अभ्यासात अन्न टिकवण्याच्या पद्धती आपण शिकवतोच. उन्हात वाळवलं की पाणी जातं, पाणी नसेल तिथे जंतू वाढत नाहीत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला असतात तेव्हा खाडीकाठची घरं सुक्या मासळीवर निघतात. आजपर्यंत मी हे पापड आणि लोणचं दाखवून शिकवत आले. जवळ्याचं उदाहरण हाकेच्या अंतरावर होतं, माझ्या मनात आलं नाही.

न खाणाऱ्या मुलांचा प्रश्न येईल. २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, तेव्हा न खाणाऱ्यांसाठी केळं होतं. तसंच करता येईल. पावसाळ्याआधी जवळा निवडणं, वाळवणं, वजन करणं सगळ्यांनी करायचं, चव ज्याला हवी त्याने घ्यायची, बाकीच्यांना वाळवलेली कैरी.

मंगळवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात, त्यामुळे विरोध झाला तर तिथूनच होईल. "सुका जवळा" हे दोन शब्द मी लेखी प्रस्तावात तसेच घालतेय, "समुद्री अन्न" वगैरे न लिहिता. काय ठरतं ते बुधवारी इथेच लिहीन. आणि दादा, मंजूर झालं तर तुमच्या आई येतील का निवडायला शिकवायला?

दिवाळे गाव

आईला विचारतो. मुलीलाही विचारावं लागेल.