सातवीतला मुलगा जूनपासून दुसऱ्या शाळेत जातोय, सोबत काय द्यावं? (नाशिक)

पंचवटीच्या_बाई
नमस्कार मंडळी. मी पंचवटीतल्या एका अनुदानित मराठी शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गातला एक मुलगा जूनपासून सिडकोकडच्या शाळेत जाणार, वडिलांना अंबडला कंपनीत काम लागलं आणि खोली पाथर्डी फाट्याला घेतलीये, रोज द्वारकेचं ट्रॅफिक पार करून इकडे पाठवणं त्यांना झेपणारं नाही. जाणं ठरलंय, त्यावर काही म्हणणं नाही. पण पोरगा वाचनात खूप मागे आहे हो. इतिहासाचा धडा आपण वाचून दाखवला तर तोंडी उत्तरं धडाधड देतो, स्वतः वाचायला लागला की ओळीखाली बोट आणि जोडाक्षर आलं की पुस्तकाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघतो, बरोबर का चूक ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखायला. वर्षभर मधल्या सुट्टीत सोबत बसून आता कुठे जमत आलंय. तिकडे भरलेल्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन गप्प बसेल याची भीती वाटते. नुसता दाखला हातात देऊन पाठवायचं मला पटत नाही. नव्या शिक्षकांना काय सांगावं, कसं सांगावं?

सिडको_गुरुजी
बाई, आमच्याकडे जूनमध्ये अशी मुलं दरवर्षी येतात आणि आम्हाला प्रगतीपुस्तकातल्या श्रेणी सोडून काहीच कळत नाही. "क" श्रेणी बघून मी काय समजू? तुम्ही एक पानभर लिहून द्या, पण "वाचन कच्चे" असं नको. आत्ता इथे लिहिलंत ना, ऐकलेलं लक्षात राहतं, तोंडी उत्तरं देतो, जोडाक्षराला अडतो, अगदी तसंच लिहा. पुढे कशाने जमायला लागलं तेही, मोठा टाइप का, आधी तुम्ही वाचायचं मग त्याने का, जे असेल ते. सोबत त्याने जूनमध्ये लिहिलेलं एक पान आणि मार्चमधलं एक पान जोडा, त्यावरून आम्हाला लगेच अंदाज येतो. आणि पत्र मुख्याध्यापकांच्या नावाने गेलं तर फायलीत राहतं, वर्गशिक्षक ठरले की त्यांना फोन कराच, तो फोन जास्त कामाचा.

आणखी एक, आठवीच्या वार्षिक परीक्षेत आता नापास झालं तर फेरपरीक्षा असते आणि तिथेही राहिला तर त्याच वर्गात बसवू शकतात. म्हणजे नव्या शाळेतलं पहिलंच वर्ष त्याला जड जाणार, दिवाळीपर्यंत वाट बघत बसू नका.

इंदिरानगरची_आई
माझ्या मुलीचं असंच होतं म्हणून मनापासून सांगते. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डोकं चांगलं असूनही वाचन-लिखाण अडतं त्याची, तपासणी करायला सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, प्रमाणपत्र असलं की दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये जाऊन दिव्यांग बोर्ड कधी बसतं ते विचारायचं, आईवडिलांना एकट्याने जमणार नसेल तर कोणीतरी बरोबर जा. या कामाला महिने जातात हो, नववीत सुरुवात केली की धावपळ होते. आमच्या आधीच्या शाळेत तीन वर्षं "लक्ष देत नाही" एवढंच ऐकवलं आणि पोरगी स्वतःला ढ समजायला लागली, ते घालवायला वाचनापेक्षा जास्त वेळ लागला.

पंचवटीच्या_बाई
खूप आभार. गुरुजी, एक शंका. तपासणीचं मी पत्रात लिहू का? उगाच शिक्का बसायला नको. आणि आईवडिलांना सेमीत टाकायचंय, शेजारची सगळी पोरं सेमीत आहेत म्हणून.

सिडको_गुरुजी
तपासणी झालेली नसताना आजाराचं नाव अजिबात लिहू नका, आपण डॉक्टर नाही. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच, आणि ते पत्र आईला वाचून दाखवून, तिला विचारून मगच पाठवा. सेमीचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, आत्ता नको. मराठी जोडाक्षरात अडणाऱ्या पोराला गणित आणि विज्ञान इंग्रजीतून वाचायला लावलं तर जे तोंडी येतंय तेही जाईल. पूर्ण मराठी तुकडी आहे का ते प्रवेशाच्या आधी विचारा, बऱ्याच शाळांत सेमी आणि मराठी दोन्ही असतात.

नाशिकरोड_क्लार्क
कागदांचं मी सांगतो, शाळेत ऑफिसलाच आहे. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं एकदा ताडून बघा, एका वेलांटीवरून पालक दोन महिने हेलपाटे मारतात. सरलचा आयडी (राज्याच्या ऑनलाइन नोंदीतला मुलाचा नंबर) आणि यूडायसचा पेन नंबर (केंद्राच्या नोंदीतला त्याचा कायमचा नंबर) दाखल्याच्या मागे लिहून द्या आणि ऑनलाइन ट्रान्सफरची रिक्वेस्ट आली की तुमच्या मुख्याध्यापकांना लगेच मंजूर करायला लावा. दाखल्याला उशीर झाला तरी अनुदानित शाळेला तेवढ्यावरून प्रवेश अडवता येत नाही, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. प्रवेशासाठी मुलाची लेखी-तोंडी चाचणी घेऊन नापास म्हणून परत पाठवणंही चालत नाही, ते कलम १३.

इंदिरानगरची_आई
आणि ताई, मुलाला एकदा शाळा दाखवून आणा ना. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वर्ग रिकामे असतात, बाक, नळ, संडास कुठे हे बघून ठेवलं तरी पहिल्या दिवशी पोटात दुखत नाही. आमच्या हिने तर आधी एवढंच विचारलं होतं की डबा कोणाबरोबर खायचा. त्या फाट्यावरून त्याच शाळेत जाणारा एखादा मुलगा सुट्टीत शोधून ठेवा.

पंचवटीच्या_बाई
हे तर डोक्यातच नव्हतं. या शनिवारी त्याला आणि त्याच्या आईला घेऊन जाते, सिटीलिंकने जाऊ म्हणजे त्याला बसही कळेल. मराठी तुकडीचं तिथेच विचारते. गुरुजी, पत्राचा कच्चा मसुदा लिहिला की इथे टाकते, नाव गाव काढून, तुम्ही एकदा नजर घालाल का?

सिडको_गुरुजी
टाका, नक्की बघतो.