आई-बाबांसोबत व्हिएन्ना : पायी किती आणि ट्रामने किती?

पर्वतीपायथा

नमस्कार. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी आई-बाबांना घेऊन पाच रात्रींसाठी व्हिएन्नाला जात आहे. बाबा अडुसष्ट वर्षांचे असून रोज सकाळी पर्वती चढतात. आई चौसष्ट वर्षांची आहे आणि तिच्या उजव्या गुडघ्याचे दुखणे जुने आहे. सपाट रस्त्यावर ती अर्धा-पाऊण तास सहज चालते, परंतु जिना उतरताना तिला कठड्याचा आधार लागतो आणि नंतर थोडा वेळ बसावे लागते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर युरोपात गेलो होतो. दहा दिवसांत सात शहरे झाली, पण त्यांतली बहुतेक बसच्या काचेतूनच पाहिली. परतल्यावर आई म्हणाली, "पाहिले सगळे, पण कुठे गेल्यासारखे वाटले नाही." म्हणून या वेळी एकच शहर निवडले आहे आणि ते पायी व सार्वजनिक वाहनांनी पाहायचे ठरवले आहे. टॅक्सीचा खर्च परवडणार नाही असे नाही, पण तसे केले तर पुन्हा काचेतूनच पाहणे होईल.

माझ्या मनात तीन शंका आहेत. आईच्या गुडघ्याला झेपेल अशा रीतीने चालणे आणि वाहन यांची सांगड कशी घालावी? मेट्रोच्या जिन्यांचे काय? आणि मुक्काम मध्यवस्तीत करावा की थोडा बाहेर? दोघेही शाकाहारी आहेत, त्यामुळे खाण्याबद्दल कुणी दोन शब्द लिहिले तर उपकार होतील.

डॅन्यूबकाठी

मी नऊ वर्षांपासून व्हिएन्नात राहते आणि माझे सासू-सासरे दर दोन वर्षांनी येथे येतात, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी जवळचा वाटला. थोडे विस्ताराने लिहिते.

सर्वप्रथम शहराचा आकार मनात बसवा, म्हणजे नकाशा सारखा उघडावा लागत नाही. जुन्या शहराभोवती पूर्वी तटबंदी होती. सम्राट फ्रान्झ योझेफ याने १८५७ मध्ये ती पाडण्याचा हुकूम दिला आणि त्या जागी झालेला रुंद, वृक्षांच्या रांगांचा रस्ता १८६५ मध्ये खुला झाला. तो रिंगश्ट्रासे. डॅन्यूब कालव्याकाठचा भाग धरून हे वर्तुळ सुमारे सव्वापाच किलोमीटरचे आहे. त्याच्या आत जुने शहर, आणि बऱ्याच अंतरावर बाहेरून गुर्टेल नावाचा दुसरा मोठा रस्ता. ट्राम बहुतांशी रिंगवरून निघून आऱ्यांसारख्या बाहेर जातात. याचा व्यावहारिक अर्थ असा की रिंगच्या आत चालायचे, रिंगवर आणि तिच्या बाहेर ट्रामने जायचे. आतला भाग एवढा लहान आहे की तुम्ही कुठेही असलात तरी साधारण दहा-बारा मिनिटांत रिंगवरच्या एखाद्या थांब्याशी पोहोचता. आईंचा पाय दुखू लागला तर परतीची वाट कधीच लांब नसते, आणि माझ्या मते वयस्कर माणसांसाठी या शहराचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

"रिंगवरील ट्राममध्ये बसा आणि पूर्ण फेरी मारा" असा सल्ला जुन्या प्रवासवर्णनांत हमखास सापडतो, पण तो आता लागू पडत नाही. १ आणि २ क्रमांकाच्या ट्राम २००८ पर्यंत पूर्ण वर्तुळ करीत असत. त्यानंतर मार्ग बदलले, त्यामुळे फेरी पुरी करायची तर मध्ये एकदा गाडी बदलावी लागते. कालव्याकाठच्या श्वेडनप्लाट्झ चौकात २ क्रमांकाची ट्राम धरावी, श्टाटपार्क आणि ऑपेरावरून संसदेपर्यंत यावे, तेथे उतरून नगरभवनासमोरच्या बागेत निवांत बसावे आणि मग १ क्रमांकाने पुन्हा श्वेडनप्लाट्झला जावे. पहिल्या दिवशी, विमानाचा शीण असताना, एवढेच करावे असे मी आग्रहाने सांगेन.

दुसऱ्या दिवशी चालण्यासाठी मुख्य कॅथेड्रलसमोरच्या श्टेफान्सप्लाट्झ चौकापासून ग्राबेन, कोलमार्क्ट, मिखाएलरप्लाट्झ आणि राजवाड्याच्या आवारातून फोल्क्सगार्टेन ही बाग असा मार्ग घ्या. सारे अंतर सव्वा-दीड किलोमीटर असेल, जमीन जवळपास सपाट आहे आणि बराचसा भाग पादचाऱ्यांसाठी राखीव आहे. ग्राबेनवर प्लेगच्या साथीनंतर उभारलेला, १६९३ मध्ये पूर्ण झालेला स्तंभ आहे, तर मिखाएलरप्लाट्झला मधोमध खड्ड्यात रोमन काळातील घरांचे अवशेष उघडे ठेवले आहेत. त्यांच्या काठाशी उभे राहिले की एका बाजूला सम्राटांचा राजवाडा आणि समोर वास्तुरचनाकार आडोल्फ लोस याची नक्षीविरहित इमारत दिसते, जिच्यावरून १९१० च्या सुमारास येथे मोठे वादळ उठले होते.

श्टेफान्सप्लाट्झच्या मागच्या गल्ल्यांत मात्र घाई करू नका. तेथे जुन्या घरांच्या पोटातून आरपार जाणारे बोळ आहेत, त्यांना डुर्खहाउस म्हणतात. एका रस्त्यावरच्या दिंडीदरवाजातून आत शिरावे, दगडी फरसबंदीचा चौक ओलांडावा आणि पलीकडच्या रस्त्यावर निघावे. भिंतीवर एक छोटी पाटी असते, "फ्रायविलिग गेश्टाटेटर डुर्खगांग", म्हणजे "मालकाने स्वखुशीने दिलेली वाट". माझ्या सासूबाई सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढल्या. पहिल्यांदा ती पाटी वाचून दाखवली तेव्हा त्या चौकात थबकल्या, वरच्या सज्जांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडेही असेच मागच्या आळीत निघता यायचे." तो बोळ जेमतेम चाळीस पावलांचा असेल, पण आम्ही तेथे अर्धा तास होतो.

मुक्कामाबद्दल माझे मत असे की मध्यवस्तीचा अट्टहास करू नये. मुख्य रेल्वेस्थानकाच्या आसपास राहिलात तर यू-१ मेट्रो आणि डी ट्राम दोन्ही हाताशी असतात, आणि डी ट्राम बेल्वेडेरे राजवाड्यावरून थेट रिंगवर येते. विमानतळावरून साधी रेल्वे तेथे पाऊण तासाच्या आत, बहुधा त्याहूनही बऱ्याच लवकर पोहोचवते. खास विमानतळासाठीची विनाथांबा गाडी महाग आहे आणि तुम्हाला तिची गरज नाही. फक्त एक ध्यानात ठेवा की विमानतळ शहराच्या भाडेहद्दीबाहेर आहे, म्हणून शहराचा पास काढला असला तरी त्या टप्प्याचे वेगळे तिकीट लागते.

निवृत्त ग्रंथपाल

मी स्वतः एकाहत्तर वर्षांचा असून गेल्या वर्षी पत्नीसह व्हिएन्नात आठ दिवस होतो. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, म्हणून जिन्यांविषयी अनुभवाने लिहितो.

मेट्रोच्या प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे. अडचण एवढीच की ती बऱ्याचदा फलाटाच्या एकाच टोकाला असते आणि तुम्हाला हव्या असलेल्या रस्त्याऐवजी चौकाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन सोडते. त्यामुळे गाडीतून उतरल्यावर गर्दीमागे चालू लागू नये. फलाटावरच थांबून लिफ्टचे चिन्ह शोधावे, गर्दी ओसरू द्यावी आणि मग निघावे. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे, कारण डावी बाजू घाईत असलेल्यांसाठी मोकळी ठेवण्याची तेथे पक्की रीत आहे.

गुडघेदुखी असलेल्यांना मी मेट्रोपेक्षा ट्रामच सुचवेन. ट्रामचा थांबा रस्त्यावरच असतो, खाली उतरणे नाही की वर चढणे नाही, आणि शहरही दिसत राहते. तेथील सखल ट्रामची पायरी जमिनीपासून एका वितीहूनही कमी उंचीवर असते. पत्नीने पहिल्या दिवशी चढताना सवयीने दांडा घट्ट धरला, पाय उचलला आणि तो उचलण्याची फारशी गरजच नव्हती हे लक्षात येऊन ती माझ्याकडे पाहून हसली. त्यानंतर आठ दिवस तिने एकदाही "अजून किती चालायचे?" असे विचारले नाही.

आमच्यावर एक प्रसंग ओढवला तो सांगणे आवश्यक वाटते. ट्रामची दारे प्रत्येक थांब्यावर आपोआप उघडतात असे नाही. दाराजवळचे बटण दाबावे लागते. तिसऱ्या दिवशी मी पुढच्या दाराने उतरलो, पत्नी मधल्या दाराशी दार उघडण्याची वाट पाहत उभी राहिली आणि गाडी निघाली. तिच्याजवळचा फोन हॉटेलात राहिला होता. सुदैवाने मुलीने आम्हाला निघण्यापूर्वीच एक नियम घालून दिला होता की जो गाडीत राहील त्याने पुढच्याच थांब्यावर उतरून तेथेच बसावे आणि जो मागे राहील त्याने पुढची गाडी धरून यावे. थांब्यावरच्या फलकात पुढची गाडी सहा मिनिटांनी असल्याचे दिसत होते. ती सहा मिनिटे मला फार लांब वाटली, पण पुढच्या थांब्यावर पत्नी बाकावर शांत बसलेली होती. हा नियम तुम्ही तिघांनी पुण्यातच पाठ करून घ्यावा आणि हॉटेलचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आई-बाबांच्या खिशात ठेवावी.

दोन रुपयांचे तिकीट

तिकिटांविषयी थोडेसे. एकेरी तिकिटावर वाहने बदलता येतात, पण तो एकाच दिशेचा सलग प्रवास असावा लागतो. मध्ये उतरून बाग पाहिली, कॉफी घेतली आणि पुन्हा चढलात तर ते तिकीट चालत नाही. तुम्हाला तर नेमके असेच फिरायचे आहे, त्यामुळे अनेक दिवसांचा पास घेणेच योग्य. पासांचे प्रकार आणि दर बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ते पाहा आणि पासाची मुदत कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत आहे हे विकत घेतानाच वाचा.

मेट्रोच्या दाराशी मुंबई-पुण्यासारखी फाटके नाहीत. तेथे लहान निळ्या पेट्या असतात. कागदी तिकिटावर आधीच वेळ छापलेली नसेल तर ते त्या पेटीत घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्क्याविना तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि दंड शंभर युरोंच्या वर आहे. तपासनीस साध्या कपड्यांतही असतात. फोनवर घेतलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही, पण मग आई-बाबांची तिकिटेही तुमच्याच फोनवर राहतील आणि वर लिहिल्याप्रमाणे चुकामूक झाली तर त्यांच्या हाती काहीच नसेल. म्हणून मी दोघांसाठी कागदी पासच घ्या असे सांगेन.

पर्वतीपायथा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. चुकामुकीचा नियम आज रात्रीच्या जेवणातच घरात सांगितला आणि आईने तो दोनदा म्हणून दाखवला. मुक्कामही मुख्य स्थानकाजवळ शोधू लागले आहे.

एक पुढचा प्रश्न. बाबांना इतिहासाची आवड आहे आणि १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला घातलेल्या वेढ्याविषयी त्यांनी बरेच वाचले आहे. तुर्कांच्या सैन्यावर जेथून चाल झाली ती टेकडी पाहायची त्यांची इच्छा आहे. आईला घेऊन तेथे जाता येईल का?

डॅन्यूबकाठी

अवश्य जाता येईल, आणि चढ न चढता. टेकडीचे नाव काहलेनबेर्ग, उंची ४८४ मीटर. यू-४ मेट्रोने हाइलिगेनश्टाट या शेवटच्या स्थानकाला जा. स्थानकातून बाहेर पडताच समोर कार्ल-मार्क्स-होफ दिसेल. नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली आणि १९३० मध्ये खुली झालेली ही वसाहत एक किलोमीटरहून अधिक लांब आहे. मुंबईच्या चाळी पाहिलेल्या माणसाने तिच्या कमानी आणि आतली विस्तीर्ण अंगणे दहा मिनिटे तरी पाहावीत, कारण कष्टकऱ्यांच्या घरांना हवा, उजेड आणि झाडे मिळावीत हा विचार तेथे विटा-चुन्यात उतरलेला आहे. त्याच स्थानकाबाहेरून ३८-ए क्रमांकाची बस ग्रिन्झिंगमार्गे थेट माथ्यावर जाते आणि शहराचा पास तिला चालतो.

१२ सप्टेंबर १६८३ रोजी पोलंडचा राजा यान सोबिएस्की आणि त्याचे मित्रसैन्य याच डोंगररांगेवरून खाली उतरले. माथ्यावरून सारे शहर आणि डॅन्यूबचे पात्र एका नजरेत येते, त्यामुळे वेढा कोठे पडला असेल आणि मदत कोठून आली असेल हे बाबांना नकाशाविना कळेल. त्या वर्षी आपल्याकडे संभाजीराजांची कारकीर्द चालू होती. माझ्या सासऱ्यांनी तेथील कठड्याशी उभे राहून हीच आठवण काढली होती आणि मग बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत.

येताना बसनेच यावे. उतरणीची पायवाट सुंदर आहे, पण आईंच्या गुडघ्याला ती नको. बाबांना चालायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी डी ट्रामने नुसडोर्फच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जा. तेथे ओढ्याच्या काठाने बेथोव्हेनगांग नावाची झाडांखालची वाट सुरू होते आणि ती चढ फारसा न लागता पुढे जाते. बेथोव्हेन या परिसरात उन्हाळ्यात राहत असे. आईंना हवे तेवढे चालू द्या आणि मग दोघी बाकावर बसा. बाबा पुढे जाऊन येतील.

खाण्याविषयी एकच सावधगिरीची सूचना करते. पातळ घावनांच्या पट्ट्या घातलेले फ्रिटाटेनझुप्पे हे सूप दिसायला शाकाहारी वाटते, पण ते गोमांसाच्या रश्श्यात केलेले असते, म्हणून मागवण्यापूर्वी विचारा. कॅफेत मात्र निर्धास्त बसा. कॉफीबरोबर छोट्या तबकात पाण्याचा पेला येतो आणि एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. हे पाणी आल्प्समधल्या झऱ्यांतून १८७३ पासून नळाने शहरात येते आणि रस्त्यावरच्या पाणपोईचेही तेच असते. तेव्हा बाटल्या विकत घेऊ नका, रिकाम्या बरोबर न्या. रविवारी दुकाने बंद असतात, पण मुख्य स्थानकातील किराणा दुकान उघडे असते. तुम्ही तेथेच राहणार असल्याने दूध-दह्याची चिंता नाही.

निवृत्त ग्रंथपाल

३८-ए बसबद्दल एक भर घालतो. माथ्याकडे जाताना रस्ता वळणावळणाचा आहे आणि शनिवार-रविवारी बस भरलेली असते. पहिल्या थांब्यावरून, म्हणजे हाइलिगेनश्टाटहूनच बसल्यास बसायला जागा मिळते. ग्रिन्झिंगला चढणाऱ्यांना पुष्कळदा उभे राहावे लागते. शक्यतो मंगळवार किंवा बुधवार निवडावा आणि सकाळी दहाच्या आत निघावे.