मदत हवी आहे: शाळा न पाहिलेल्या आजी-आजोबांची स्मृतिचाचणी

गावात साठीपुढच्यांची डिमेन्शियासाठी (स्मृतिभ्रंशासाठी) प्राथमिक चाचणी घेताना गुण कसे द्यावेत? ३० गुणांच्या एमएमएसई या स्मरण-विचारशक्तीच्या प्रचलित चाचणीत शंभरातून सात-सात वजा करणं, वाक्य लिहिणं, पंचकोन काढणं असतं. पाटी-पेन्सिल कधी हातात न धरलेल्या आजी स्मरण शाबूत असूनही इथेच गुण गमावतात. वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणवून घेता येतात. पण आजची तारीख विचारतात, तिचं काय? 'आज वद्य एकादशी' असं अचूक सांगणाऱ्याला गुण द्यायलाच हवा, नाही का? 'आंबा, खुर्ची, नाणं' हे लक्षात ठेवायचे शब्द आधी तिन्ही परत म्हणवून घ्यावे लागतात, कारण कमी ऐकू येणाऱ्यापर्यंत ते पोचलेलेच नसतात. पाच मिनिटांनी तेच शब्द पुन्हा विचारले की सूनबाई हळूच उत्तर पुरवतात. पंचकोनाऐवजी कुणी काय वापरलंय? निरक्षरांसाठी मराठीत तपासलेली गुणमर्यादा (किती गुणांखाली डिमेन्शियाचा संशय धरायचा) कुणाकडे असेल तर कृपया सांगा.