मदत हवी आहे: बाळाच्या दुपट्यांना डांबर गोळ्यांचा वास, धुऊन वापरली तर चालतील का?

बाळंतपणाला माहेरी आलेय, सांगलीला. बाळ आज नऊ दिवसांचं. बारसं तीन दिवसांवर आलं म्हणून आईने माळ्यावरची ट्रंक काढली, त्यात माझी आणि दादाची झबली, दुपटी, कुंची सगळं जपून ठेवलेलं आणि घडीघडीत डांबर गोळ्या, काही तर झिजून हरभऱ्याएवढ्या झाल्यात. काल एक दुपटं नुसतं झटकून आईने बाळाला गुंडाळलं, मी झोपेतून उठेपर्यंत तासभर गेला असेल, खोलीत वास नुसता घमघमत होता. बोलले तर म्हणते, "तू ह्यातच वाढलीस, तुला काय झालं?"

हॉस्पिटलात बाळाला थोडी कावीळ होती, दोन दिवस लाइटखाली ठेवलं होतं, म्हणून जास्त धाकधूक होतेय. बाकीची दुपटी दोनदा गरम पाण्यात धुतली तरी वास आहेच. शिवाय सिंकखाली झुरळांसाठी पण ह्याच गोळ्या टाकल्यात. काय करू? कोणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद १
अगं आधी बाळाच्या डॉक्टरांना फोन कर, धागा नंतर वाच! त्या गोळ्या म्हणजे नॅप्थलीन, घन असतानाच थेट वाफ होते, म्हणजे वास येतोय तोवर ते श्वासातून आत जातंय. काही मुलांना जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांच्या लाल पेशी नॅप्थलीनने फुटतात आणि कावीळ एकदम वाढते. एवढ्या लहान बाळात ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. लघवी गडद होणं, पिवळेपणा वाढणं, दूध न ओढणं, नुसतं सुस्त पडून राहणं ह्यातलं काहीही दिसलं तर फोनवर पण थांबू नको, थेट घेऊन जा. गोळ्यांचं आवर्जून सांग, डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही.
आणि एक, तेलमालिश करून लगेच असल्या दुपट्यात गुंडाळू नका. नॅप्थलीन तेलात विरघळतं, तेलकट अंगातून जास्त आत जातं.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. पाण्याने वास जात नाही कारण ते पाण्यात विरघळतच नाही फारसं, हवा लागली पाहिजे. गच्चीत दोरीवर मोकळी टांगून ठेव, वास पूर्ण जाईपर्यंत बाळाच्या जवळ आणू नको, मग किती का दिवस लागेनात. तोवर नवीन सुती कापड आणा, जुनं धोतर पण चालतं.
गंमत म्हणजे ह्या गोळ्या लोकर नि रेशीम खाणाऱ्या अळ्यांसाठी, त्याही बंद पेटीत. सुती दुपट्यांना गरजच नव्हती. सिंकखाली उघड्यावर टाकल्या तर झुरळांना फार काही होत नाही, वास मात्र घरच्यांच्या नाकात. युरोपात 2008 पासून नॅप्थलीनच्या गोळ्यांवर बंदी आहे. आता त्याऐवजी कापूर ठेवू म्हणाल, तर तो पण मुलांच्या पोटात गेला तर फिट्स येतात, हाताला लागेल असा ठेवू नका.

धागाकर्ती
थँक्यू दोघांना. डॉक्टरांनी लगेच बोलावलं, रक्त तपासलं, कावीळ वाढलेली नाही. जी-सिक्स-पीडीची टेस्ट पण पाठवलीय, रिपोर्ट यायचाय, तोवर लघवीचा रंग बघत राहायला सांगितलंय. आईने डॉक्टरांचं ऐकलं (माझं नाही!) आणि स्वतः ट्रंक गच्चीत नेली, पण आजीने विणलेली कुंची बारशाला घालता येणार नाही म्हणून तोंड फुगलंय.
सिंकखालच्या गोळ्या आता कुठे टाकू? मोरीत सोडून देऊ का?

प्रतिसाद १
मोरीत नको गं. हाताला पिशवी घालून उचल, घट्ट गाठ मार आणि सरळ घंटागाडीत दे. दारात ठेवू नको, पोरं पेपरमिंट समजून तोंडात घालतात.